विदर्भातील खुब्याचे दुखणे : अस्थिरोगांच्या इतिहासातील एक अलक्षित प्रकरण

ब्रिटिश अमदानीत १८८१ पासून १९३१ पर्यंत दर दहा वर्षांनी ज्या खानेसुमाऱ्या झाल्या, त्या प्रत्येकीत लोकांच्या व्यंगांची स्वतंत्र नोंद घेण्यात आली. ही व्यंगे चार होती : वेड, मूकबधिरत्व, अंधत्व आणि महारोग. मध्यप्रांताचे व वऱ्हाडाचे आकडेही याच चार रकान्यांत मांडले गेले. लंगडेपणाला रकाना नव्हता. ज्याचा खुबा आखडला आहे, ज्याचा कणा वाकला आहे, काठीवाचून ज्याला उभे राहता येत नाही, अशा मनुष्याची गणना त्या पन्नास वर्षांत या प्रकरणात झालीच नाही. सांध्यांचे व कण्याचे रोग मनुष्याला सहसा मारीत नाहीत, म्हणून मृत्यूच्या नोंदींतही त्यांचा माग लागत नाही. पटकी, देवी, प्लेग यांचा इतिहास सरकारी दप्तरांवरून लिहिता येतो. खुब्याच्या दुखण्याचा इतिहास लिहावयाचा तर दुसऱ्या वाटेने जावे लागते.

प्रस्तुत लेखात विदर्भातील अशाच एका दुखण्याचा मागोवा घ्यावयाचा आहे. ते म्हाताऱ्या माणसाचे दुखणे नव्हे. वयात येणाऱ्या मुलाचा किंवा ऐन कर्त्या वयातील तरुणाचा खुबा दुखू लागतो. प्रथम चालताना, मग रात्रीही. पाय बाहेर वळविता येत नाही, मांडी घालून बसता येत नाही, आणि काही वर्षांत एक पाय आखूड होऊन तो लंगडू लागतो. अशा पुष्कळ रुग्णांत दुखण्याचे मूळ हाडात नसून रक्तात असते. हे रक्त नागपुरास असल्याचे १९५८ साली वैद्यकीय जगाला कळले. परंतु ज्यांनी रक्त तपासले त्यांची दृष्टी हाडापर्यंत पोहोचण्यास, आणि ज्यांनी हाडावर उपचार केले त्यांनी रक्ताचा विचार नियमाने करण्यास, त्यानंतरही बराच अवधी लागला, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. तो अवधी का लागला, हा या लेखाचा विषय होय.

आरंभ नावापासून करणे इष्ट आहे. आपल्याकडे सांधा दुखला की तो ‘वात’ होय, ही समजूत घरोघर रूढ आहे आणि तिला शास्त्राचाही आधार आहे. सुश्रुतसंहितेत अस्थिभंग व सांधे निखळणे यांचे सविस्तर वर्णन असून, मोडलेले हाड जागी बसवून झाडांच्या साली व वेळू यांच्या पट्ट्यांनी ते बांधावे असे सांगितले आहे. आमवात हा निराळा रोग म्हणून मांडण्याचे श्रेय मात्र पुढच्या काळातील ‘माधवनिदान’ या ग्रंथाकडे जाते. अनेक सांधे धरणे, त्यांना सूज येणे, ताप येणे, ही त्याची लक्षणे. गावातील हाडवैद्याच्या हाती निरगुडीचा शेक, तेलाचे मर्दन, बिब्बा आणि शेवटचा उपाय म्हणून डाग एवढी साधने होती. आज ज्याला आपण सिकलसेलचा वेदनेचा झटका म्हणतो, त्याचे वर्णन या चौकटीत सहज बसते : थंडीने, श्रमाने, तापाने किंवा पाणी कमी पडल्याने एकाएकी हातापायांची हाडे व सांधे ठणकू लागतात, चारपाच दिवस मनुष्य अंथरुणाला खिळतो आणि मग दुखणे आपोआप ओसरते. ओसरते म्हणून शेक लागू पडला असे वाटते. ‘वात’ हे नाव चुकीचे होते असे म्हणण्यापेक्षा ते फार मोठे होते असे म्हणणे न्याय्य ठरेल. त्या एका नावाखाली दहा निरनिराळे रोग नांदत होते.

पाश्चात्त्य वैद्यकानेही येथे काही वेगळे केले नाही. त्याने फक्त मोठे नाव बदलले. ‘ऑर्थोपीडिक’ हा शब्द निकोलस आंद्री या फ्रेंच वैद्याने १७४१ साली बनविला, आणि त्यात ‘सरळ’ व ‘मूल’ अशा अर्थाचे दोन ग्रीक शब्द आहेत. मुलांची व्यंगे सरळ करण्याची कला, एवढाच त्याचा मूळ अर्थ. (आमच्या ‘अस्थिव्यंगोपचार’ या प्रतिशब्दात मूल हरवले, आणि हाड तेवढे उरले.) एकोणिसाव्या शतकात व विसाव्याच्या पूर्वार्धात या शास्त्राचा मोठा भाग क्षयाने व्यापलेला होता. पर्सिव्हल पॉट याने १७७९ साली कण्याच्या कुबडाचे व त्यासोबत येणाऱ्या पायांच्या लुळेपणाचे वर्णन केले, ते दुखणे म्हणजे मणक्यांचा क्षय हे पुढे सिद्ध झाले. खुब्याचा क्षयही तितकाच ओळखीचा होता. त्यावर औषध नव्हते. विश्रांती हाच उपचार असल्यामुळे मुलाला महिनोन् महिने, कधी वर्षे, प्लास्टरच्या साच्यात किंवा वजनाच्या ताणाखाली निजवून ठेवीत. १९४० नंतर स्ट्रेप्टोमायसिन आणि १९५२ मध्ये आयसोनायझिड आल्यावर चित्र पालटले. हाँगकाँगमध्ये हॉजसन व स्टॉक यांनी १९५६ साली कण्याच्या पुढच्या बाजूने जाऊन क्षयग्रस्त भाग काढण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. आणि आपल्याकडे वाराणसीच्या डॉ. तुली यांनी १९७५ साली, औषधे सर्वांना व शस्त्रक्रिया गरजेपुरतीच, असा ‘मध्यममार्ग’ मांडला. हिंदुस्थानातील परिस्थितीला तो फार मानवला. ज्या देशात क्षय घरोघर आहे, तेथे लंगडणारे मूल दिसताच वैद्याच्या मनात प्रथम क्षय येणे स्वाभाविक होते, व पुष्कळदा ते बरोबरही असे. अडचण उरलेल्यांची होती.

या ठिकाणी १९१० या वर्षाकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. क्ष-किरणांचा शोध १८९५ चा. त्यानंतर पंधरा वर्षांत मुलांच्या खुब्यांच्या इतक्या काचा जमा झाल्या की त्यांतील काही क्षयाच्या नसाव्यात असा संशय येऊ लागला. स्वीडनमधील वाल्डेनस्ट्रोम याने १९०९ साली अशा खुब्यांचे वर्णन केले, पण तोही त्यांना क्षयच समजला. १९१० मध्ये मात्र अमेरिकेतील लेग, फ्रान्समधील काल्व्हे आणि जर्मनीतील पेर्थेस या तिघांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे असे दाखविले की हा क्षय नव्हे. मांडीच्या हाडाचे डोके रक्ताअभावी मरते, चपटते आणि पुन्हा भरून येते. पू होत नाही, गाठी येत नाहीत, मूल वाळत नाही. क्षयाच्या कोठारातून एक रोग बाहेर काढला गेला तो असा.

त्याच वर्षाच्या अखेरीस शिकागोच्या जेम्स हेरिक याने एका तरुणाची हकीगत छापली. हा तरुण वेस्ट इंडीजमधील ग्रेनाडा बेटाचा रहिवासी असून शिकागोस दंतवैद्यकाचे शिक्षण घेत होता. १९०४ साली तो इस्पितळात आला तेव्हा हेरिकचा साहाय्यक आयर्न्स याला त्याच्या रक्तात लांबट, विळ्यासारख्या वाकलेल्या तांबड्या पेशी दिसल्या. या रोगाला आजचे नाव १९२२ साली मिळाले. प्राणवायू कमी झाला की या पेशी विळ्याचा आकार घेतात हे हान व गिलेस्पी यांनी १९२७ मध्ये दाखविले. हा दोष हीमोग्लोबिनच्या रेणूतच आहे हे पाउलिंग व त्याच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये सिद्ध केले. आणि त्या रेणूतील केवळ एका अमिनो आम्लाच्या जागी दुसरे आल्याने हे सर्व घडते, हे इन्ग्रामने १९५६-५७ मध्ये उलगडले. एका रोगाची रेणूपर्यंतची ओळख पटल्याचे हे पहिले उदाहरण होय.

लेग-काल्व्हे-पेर्थेसचा खुबा आणि हेरिकचे रक्त हे दोन शोध एकाच वर्षी लागले, पण एक अस्थिवैद्यांच्या व दुसरा शरीरवैद्यांच्या ग्रंथात गेला. त्यांचा परस्परसंबंध शरीररचना पाहिली की चटकन ध्यानात येतो. मांडीच्या हाडाचे गोल डोके कंबरेच्या उखळीत बसलेले असते व त्यावर सर्वत्र कूर्चेचे आवरण असते. त्यामुळे रक्त आत शिरण्याची मुख्य वाट मानेच्या बाजूने, आणि तीही अरुंद. आतल्या मज्जेत रक्त संथ वाहते व प्राणवायू कमी असतो. विळ्याच्या पेशी अडकण्यास याहून अनुकूल जागा शरीरात थोड्याच असतील. वाट बुजली की हाडाचा तुकडा मरतो. मेलेले हाड काही काळ भार सोसते, मग कूर्चेखाली बारीक चंद्रकोरीसारखी फट पडते, आणि एके दिवशी डोके खचते. प्रौढाचे हाड लहान मुलाच्या हाडाप्रमाणे पुन्हा गोल भरून येत नाही. डिग्ज, पुलियम व किंग यांनी १९३७ साली सिकलसेल रुग्णांच्या हाडांतील बदलांचे वर्णन प्रसिद्ध केले होते. म्हणजे नागपुरास रक्ताचा शोध लागण्यापूर्वी वीस वर्षे हाडाची बाजू छापून झाली होती. पण ती अमेरिकेतील निग्रो लोकांच्या रोगाविषयी होती, आणि हिंदुस्थानात हा रोग असू शकेल अशी कल्पनाही त्या वेळी कोणास नव्हती.

हिंदुस्थानात हा गुणधर्म प्रथम १९५२ साली आढळला. लेहमान व कटबुश यांनी निलगिरीतील आदिवासींत तो दाखविला. त्याच वर्षी आसामातील चहाच्या मळ्यांवर काम करण्यास इतर प्रांतांतून आलेल्या मजुरांतही तो सापडला. मळ्यांवरील ही नोंद इतिहासाच्या विद्यार्थ्याने विशेष लक्षात घ्यावी. ते मजूर मध्य व पूर्व भारतातून नेलेले होते. म्हणजे ज्या प्रदेशात रोग होता तेथे तो कोणी पाहिला नव्हता, आणि तेथून शेकडो मैल दूर गेलेल्या माणसांच्या रक्तात तो दिसला.

नागपुरास यानंतर सहा वर्षांनी त्याचा शोध लागला. येथे पूर्वी रॉबर्टसन मेडिकल स्कूल होते. पदवीचे शिक्षण देणारे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९४७ साली सुरू झाले. ते जन्मले मध्यप्रांत व वऱ्हाडात, वाढले मध्यप्रदेशात, आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर मुंबई राज्यात आले. १९५८ साली डॉ. शुक्ल व डॉ. सोळंकी यांचा मध्य भारतातील सिकलसेल गुणधर्मावरील लघुनिबंध लंडनच्या ‘लॅन्सेट’ मध्ये आला, व त्याच वर्षी डॉ. परांडे यांच्यासह लिहिलेला भारतातील सिकलसेल रोगावरील निबंध अमेरिकेच्या ‘ब्लड’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. दहा-अकरा वर्षांच्या महाविद्यालयातून निघालेले हे काम कोणत्याही विद्यापीठाने अभिमान बाळगावा असे आहे. पेशींतील प्राणवायू काढून घेणारे सोडियम मेटाबायसल्फाइटचे द्रावण रक्ताच्या थेंबात मिसळून तो काचेखाली पाहण्याची सोपी रीत तोवर प्रचारात आली होती. महाग उपकरणांवाचून गावोगाव तपासणी करणे तिने शक्य झाले.

परंतु या सोयीनेच अभ्यासाला एक विशिष्ट वळण लागले. थेंबाची परीक्षा शेकड्यांनी करता येत असल्याने, कोणत्या जातीत व कोणत्या जमातीत हा गुणधर्म शेकडा किती, हाच प्रश्न अग्रभागी आला. नागपूरच्या आरंभीच्या अभ्यासांत महार, कुणबी, तेली अशी समाजांची नावे येतात. पुढे गोंड, माडिया, प्रधान, भिल्ल, पावरा यांची भर पडली. मानववंशशास्त्राची ही रीत रसेल व हिरालाल यांच्या १९१६ च्या चार खंडी ग्रंथापासून या प्रांताला परिचित होती. जातवार माहिती मांडण्याच्या त्या जुन्या रीतीत आता रक्ताची भर पडली, इतकेच. हा गुणधर्म हिवतापापासून लहान मुलांचे काही अंशी रक्षण करतो हे ॲलिसनने १९५४ मध्ये आफ्रिकेत दाखविल्यामुळे, जंगलपट्टीच्या हिवतापी प्रदेशात तो का टिकला याचे उत्तरही मिळाले. विद्वत्तेच्या दृष्टीने हे सर्व मोलाचे होते. त्याचा एक परिणाम मात्र विद्वानांच्या हाती राहिला नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भूमीवर लाखो लोकांनी डॉ. आंबेडकरांबरोबर धर्मांतर करून जातीचे नाव टाकले. आणि दोनच वर्षांनी विज्ञानाच्या कोष्टकात तेच नाव नव्या रोगाशेजारी छापले गेले. संशोधकांचा हेतू दूषित होता असे कोणी म्हणणार नाही. पण ‘अमक्यांचा रोग’ ही भाषा कोष्टकातून घरांत, आणि घरांतून सोयरिकीच्या बोलण्यांत शिरण्यास वेळ लागला नाही. वस्तुतः हा गुणधर्म कोणत्याही एका जातीचा नाही. विदर्भात तो अनेक समाजांत आहे, आणि ज्यांची तपासणी झाली नाही त्यांच्यात तो नाही असे समजणे ही केवळ सोयीची समजूत होय.

शिवाय कोष्टकात मोजले जात ते बहुधा वाहक. आईबापांपैकी एकाकडून दोष आला तर मनुष्य वाहक होतो व सामान्यतः निरोगी असतो. दोघांकडून आला तरच रोग होतो. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला रोग असण्याचा संभव चारांत एक. ज्याचा खुबा खचतो तो बहुतांशी या दुसऱ्या वर्गातला. अशा रीतीने पाहणीच्या आकड्यांत निरोगी वाहक भरले, आणि रुग्ण अस्थिविभागाच्या बाकावर राहिला.

तेथे त्याच्याकडे कसे पाहिले गेले असेल? अनुमान करण्यास पुरेसा आधार आहे, कारण चुकीच्या निदानांची यादी जगभर सारखीच आहे. सांधे एकामागून एक धरले व ताप असला तर संधिज्वर. एकच खुबा धरला तर क्षय. हाड ठणकून सूज आली तर अस्थिमज्जाशोथ. शेवटचे निदान पुष्कळदा खरेही असते. या रुग्णांना हाडात पू होण्याचा धोका अधिक असतो, व त्यात विषमज्वराच्या कुळातील साल्मोनेला जंतू वरचेवर सापडतात. रक्ताअभावी मेलेले हाड आणि पू झालेले हाड यांतील भेद पहिल्या आठवड्यात क्ष-किरणांच्या काचेवर दिसत नाही. अगदी लहान मुलांत हातापायांचे पंजे सुजतात, तेव्हा आई ‘मार लागला असेल’ म्हणून मूल घेऊन येते.

कण्याच्या बाबतीत मात्र काच बोलते, फक्त वाचणाऱ्याला काय शोधावयाचे ते ठाऊक असले पाहिजे. क्षयात दोन शेजारच्या मणक्यांच्या समोरासमोरच्या बाजू कुरतडल्या जातात, मधली चकती नाहीशी होते, पुढचा भाग खचून कुबड येते व आजूबाजूस थंड गळवाची छाया दिसते. सिकलसेलमध्ये चकती शाबूत असते. मणक्याच्या पृष्ठाचा फक्त मधला भाग, जेथे रक्तवाहिन्यांचे शेवटचे फाटे पोहोचतात तेवढाच, पायरीसारखा खोल दबतो आणि कडा उंच राहतात. इंग्रजी ‘एच’ अक्षरासारखी त्याची आकृती होते. खुब्यातही असाच भेद आहे. क्षयात सांध्यातील मोकळी जागा लवकर अरुंद होते व उखळीही झिजते. रक्ताअभावी मरणाऱ्या डोक्यात ती जागा पुष्कळ दिवस टिकून राहते. वर्षभर क्षयाची औषधे घेऊनही ज्याचा खुबा खचतच गेला, अशा रुग्णाच्या पहिल्या काचेकडे पुन्हा पाहिले असता हा भेद बहुधा तेथेच दिसतो.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. विदर्भातील प्रत्येक आखडलेला कणा किंवा लंगडणारा पाय सिकलसेलच्या खात्यावर मांडणे ही नवी चूक ठरेल. चंद्रपूर, यवतमाळ या जिल्ह्यांतील काही गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे. ते वर्षानुवर्षे पोटात गेल्याने अस्थिबंध चुनखडीसारखे होऊन कणा काठीप्रमाणे ताठतो. शॉर्ट व सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये मद्रास इलाख्यातील अशा रुग्णांचे वर्णन केले. लाखोळीच्या डाळीवर दुष्काळात दिवस काढणाऱ्यांचे पाय ताठून लुळे पडतात, ही गोष्ट स्लीमनने सागर प्रांतातील १८३० च्या सुमारच्या अवर्षणासंबंधी लिहून ठेवली आहे. तो दोष मज्जारज्जूचा, सांध्याचा नव्हे. खुब्याचे डोके मरण्याची इतर कारणेही आहेत : मानेचा अस्थिभंग, अतिमद्यपान, आणि कॉर्टिसोनच्या जातीची औषधे. यांतील शेवटचे कारण थोडे विचित्र आहे. १९४८-४९ मध्ये हेंच याने आमवाताच्या रुग्णांना कॉर्टिसोन दिले तेव्हा सांध्यांवर रामबाण सापडला असे जगाला वाटले व त्याला १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले. काही वर्षांतच तेच औषध खुबा मारते असे ध्यानात आले. पाणी, धान्य, औषध आणि रक्त यांपैकी कोणता धागा कोणत्या रुग्णात आहे हे प्रत्येक वेळी पाहावे लागते.

रक्त आणि हाड यांची गाठ अमेरिकेत तुलनेने लवकर पडली. चंग व रॅल्स्टन यांनी १९६९ मध्ये सिकलसेल रुग्णांच्या खुब्यांवर स्वतंत्र निबंध लिहिला. मिल्नर व सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये मोठ्या पाहणीवरून दाखविले की दर दहा रुग्णांतील सुमारे एकाचे मांडीच्या हाडाचे डोके पाहणीच्या आरंभीच मेलेले असते. त्यातून निघालेला एक निष्कर्ष विदर्भाला विशेष लागू आहे. ज्यांच्यात सिकलसेलबरोबर आल्फा थॅलासीमियाचा गुणधर्मही आहे, त्यांच्या तांबड्या पेशी अधिक टिकतात, रक्तक्षय कमी असतो, आणि नेमका त्यांच्यात खुबा जाण्याचा धोका जास्त आढळला. रक्त अधिक दाट राहते हे त्याचे कारण मानले जाते. आता १९८६ मध्ये कुलोझिक व सहकाऱ्यांनी असे दाखविले होते की भारतात व पूर्व अरबस्तानात आढळणारा हा दोष आफ्रिकेतून आलेला नसून आशियात स्वतंत्रपणे उद्भवला आहे. या प्रकारात जन्मापूर्वीचे हीमोग्लोबिन मोठेपणीही पुष्कळ टिकते, व त्यामुळे रोग सौम्य राहतो, असे पाठ्यपुस्तकांतून येऊ लागले. ‘सौम्य’ या शब्दाने आमच्या मते बरेच नुकसान केले. नागपूरच्या बालरोगतज्ज्ञांच्या पाहणीत येथील मुलांचा रोग मुळीच सौम्य ठरला नाही. आणि ज्यांच्यात तो खरोखर सौम्य असतो, त्यांचा रक्तक्षय नजरेत भरत नाही म्हणून रक्ताची तपासणी होत नाही. असा मनुष्य पंचविसाव्या वर्षी प्रथमच वैद्याकडे येतो तो लंगडत. त्याच्या रोगाचे पहिले दर्शन रक्तविभागात होण्याऐवजी अस्थिविभागात होते.

उपचारांचा इतिहास यामानाने सरळ आहे. डोके खचण्यापूर्वी हाडाला भोक पाडून आतील दाब कमी करावा, ही एक रीत. न्यूमायर व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या चाचणीत, असे भोक पाडून व्यायाम दिलेल्या आणि नुसता व्यायाम दिलेल्या रुग्णांत सुमारे तीन वर्षांनी लक्षणीय अंतर आढळले नाही. तेव्हा तिच्याकडून फार अपेक्षा करणे बरे नव्हे. डोके खचल्यावर ते काढून टाकणे ही गर्डलस्टोनची शस्त्रक्रिया. सांध्याच्या जागी पोकळी राहते, पाय आखूड होतो, काठी सुटत नाही, पण दुखणे जाते आणि मनुष्याला उकिडवे बसता येते. युरोपात ही शस्त्रक्रिया निरुपायाची मानली गेली. तुली व मुखर्जी यांनी १९८१ मध्ये भारतातील रुग्णांचे जे निष्कर्ष मांडले त्यांत मात्र या बसण्याला स्वाभाविकच महत्त्व आले. ज्याचे शौच, जेवण आणि शेतातील काम जमिनीशी आहे, त्याला सरळ पण ताठ पायापेक्षा आखूड पण वळणारा पाय अधिक कामाचा वाटतो.

कृत्रिम सांध्याची कथा स्मिथ-पीटरसनच्या १९३८ मधील धातूच्या टोपीपासून सुरू होते. इंग्लंडमध्ये चार्नली याने १९५८ पासून उखळीसाठी टेफ्लॉन वापरले. ते दोनतीन वर्षांत झिजून गेले व शेकडो रुग्णांवर पुन्हा शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. १९६२ मध्ये त्याने पॉलिएथिलीन वापरले आणि आजचा खुबा जन्मास आला. या शोधाचा लाभ वृद्धांना जितका झाला तितका सिकलसेलच्या तरुणांना सहजासहजी झाला नाही. वारंवार मरून भरून आलेल्या हाडाची मधली नळी जागोजाग घट्ट बुजलेली असते. दांडा बसविण्यासाठी ती कोरताना हाड फुटण्याचा संभव असतो. भूल देताना प्राणवायू, ऊब व पाणी यांत थोडी कसूर झाली तर झटका येतो. शस्त्रक्रियेपूर्वी रक्त द्यावे लागते, आणि अनेकदा रक्त घेतलेल्याला जुळणारे रक्त मिळणे कठीण होते. जंतुसंसर्गाचा धोका आहेच. शिवाय रुग्ण विशी-तिशीतला. बसविलेला सांधा त्याला चाळीस-पन्नास वर्षे पुरावयाचा. रक्तविभाग व अस्थिविभाग यांनी एकत्र बसल्यावाचून ही शस्त्रक्रिया नीट होत नाही. दोन विद्याशाखांतील अंतराची जी गोष्ट वर सांगितली, तिची परीक्षा शस्त्रक्रियागृहात होते ती अशी.

हायड्रॉक्सियुरिया या औषधाने वेदनेचे झटके कमी होतात हे शाराश व सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये सिद्ध केले, आणि नागपुरात मुलांना ते अल्प मात्रेत देऊन चांगले परिणाम मिळाल्याचे २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. एकदा खचलेले डोके त्याने उभे राहत नाही. म्हणून तपासणी लहानपणीच व्हावयास हवी. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत चाळिशीच्या आतील सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे योजिले आहे.

खानेसुमारीच्या ज्या रकान्यांपासून आपण निघालो त्यांचे पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. स्वतंत्र भारतात १९८१ च्या जनगणनेत पांगळेपणाची मोजणी झाली. १९९५ च्या अपंगांविषयीच्या कायद्यात हालचालीचे अपंगत्व आले, पण रक्तदोष आला नाही. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे एकवीस प्रकार मानले व त्यांत थॅलासीमिया, हीमोफिलिया यांच्या जोडीला सिकलसेल रोगाचा नावानिशी समावेश केला. आता एकाच मनुष्याचा खुबा एका रकान्यात व त्याचे रक्त दुसऱ्या रकान्यात पडते, आणि प्रमाणपत्र देताना टक्केवारी कशावरून धरावयाची हा प्रश्न वैद्यकीय मंडळापुढे येतो.

नवा खुबा बसविलेल्या रुग्णाला घरी जाताना ज्या सूचना देण्याची प्रथा पडली, त्या खुर्चीवर बसणाऱ्या देशात तयार झाल्या आहेत : मांडी घालू नये, उकिडवे बसू नये, खाली वाकून वस्तू उचलू नये. भंडारा-गोंदियाच्या बाजूस धानाची रोवणी, आणि सर्वत्र निंदण, ही कामे कंबरेत वाकून किंवा उकिडवे बसूनच करावी लागतात. शस्त्रक्रियेपूर्वी दुखण्यामुळे ज्याला रोवणीला जाता येत नव्हते, त्याला शस्त्रक्रियेनंतर सूचनेमुळे जाता येत नाही; आणि गर्डलस्टोनची जुनी शस्त्रक्रिया झालेला त्याच गावचा मनुष्य काठी बांधावर ठेवून निंदायला बसू शकतो.